बाळाच्या पोटाचं औषध: बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

संध्याकाळी सात ते साडेनऊ ही आमच्या मेडिकलची गर्दीची वेळ. ठाणे स्टेशनला उतरलेली माणसं घरी जाता जाता औषधं घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्यात एखादा तरुण बाबा मोबाइल पुढे करतो. स्क्रीनवर कुठल्यातरी बाटलीचा फोटो असतो. "बाळ सारखं दूध टाकतंय. ताईनं हा फोटो पाठवलाय, तिच्या मुलाला यानंच बरं वाटलं. हेच द्या." मी विचारते, बाळ केवढं आहे, वजन किती? वय दिवसांसकट पाठ असतं. वजन मात्र बायकोला फोन करून विचारावं लागतं.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. नौपाड्यात काउंटरमागे उभं राहून वीसेक वर्षं झाली. पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी हे लिहितेय. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नाहीतर ऐरोली-घणसोलीच्या नव्या सोसायटीत दोघंच राहणारी जोडपी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. रात्री अकरा वाजता ज्यांना "हे नेहमीचंच आहे गं, घाबरू नकोस" म्हणणारं घरात कोणी नसतं, त्यांच्यासाठी. खाली कुठल्याही औषधाचा डोस सापडणार नाही, आणि तो मी मुद्दामच दिलेला नाही. डोस वजनावर ठरतो आणि तो बाळाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण ठरलेला डोस नेमका तेवढाच बाळाच्या पोटात जाणं, हे घरच्यांच्या हातात असतं. मी पाहिलेल्या बहुतेक चुका तिथल्याच आहेत.

पहिली पायरी: औषध लागतंय का, ते आधी बघा

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. तान्ह्या बाळात ती अजून सैल असते. त्यात बाळाचं सगळं खाणं पातळ, पोट लहान, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं. दूध वर येणारच. पहिल्या काही महिन्यांत साधारण निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, आणि बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की कमी होत जातं. दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत थांबतं, कुठल्याही औषधाशिवाय.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: दूध टाकल्यावर बाळ कसं आहे? ते हसतंय, खेळतंय, पुन्हा पितंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले करतंय आणि वजन वाढतंय, तर झबलं बदलायचा त्रास तुम्हाला आहे, बाळाला नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढतं. लसीकरणाच्या कार्डावर वजनाच्या नोंदी असतात, त्या बघा. वजनाची रेघ वर जात असेल तर आधी श्वास घ्या आणि मग पुढचं वाचा.

उलट, खालच्यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तर मेडिकलमध्ये येऊच नका, सरळ डॉक्टरांकडे जा. उलटी हिरवी किंवा गडद पिवळी असेल. उलटीत रक्त असेल किंवा शी डांबरासारखी काळी असेल. पोट फुगून कडक झालं असेल. टाळू वर आलेली दिसत असेल, किंवा खूप खोल गेलेली. बाळ मलूल असेल, उठवूनही नीट उठत नसेल, प्यायला नकोच म्हणत असेल. सहा ते आठ तासांत शू झाली नसेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल. दूध टाकणं सहा महिन्यांनंतर नव्यानंच सुरू झालं असेल, किंवा वर्ष उलटूनही थांबत नसेल, तर तातडी नसली तरी तपासणी हवीच.

एक खूण वेगळी सांगते, कारण ती फसवते. दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी, हातभर लांब उलटी करतं आणि लगेच पुन्हा भुकेनं रडतं. घरचे म्हणतात, भूक लागतेय म्हणजे ठीक आहे. तसं नसतं. जठराचं खालचं तोंड जाड होऊन अरुंद झालेलं असू शकतं. हे कुठल्याही ड्रॉप्सनं बरं होत नाही, त्याला छोटी शस्त्रक्रिया लागते. वेळेत झाली तर बाळ खणखणीत होतं.

दुसरी पायरी: चार दिवस हे करून बघा

धोक्याची खूण नसेल तर बाटलीआधी सवयी बदला. एका वेळी पोटभर पाजण्याऐवजी थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. मध्ये थांबून ढेकर काढा. बाळाला खांद्यावर उभं धरून पाठीवरून हात फिरवा. जोरात थापटायची गरज नसते. पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटं उभं धरा. लंगोटाचा पट्टा पोटावर आवळून बांधू नका. वरचं दूध देत असाल तर डब्यावर लिहिलेलं पाणी आणि पावडरीचं माप तंतोतंत पाळा, आणि दूध घट्ट करायला तांदळाची पेज वगैरे मनानं मिसळू नका. त्याचा निर्णय डॉक्टरांचा.

झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट आणि टणक गादीवर. दूध घशात जाईल म्हणून पोटावर झोपवा असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. पाठीवर झोपलेल्या निरोगी बाळाला वर आलेलं दूध गिळता किंवा बाहेर टाकता येतं. पोटावर झोपवल्यानं झोपेतच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. उशी लावून डोकं वर करणं, उतरत्या खुर्चीत रात्रभर झोपवणं हेही नको.

आता घरगुती उपायांबद्दल. हे लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण प्रत्येक आजीच्या हातात माया असते. पोटाला हिंगाचं पाणी लावायला माझी हरकत नाही. नाजूक त्वचा लाल झाली तर थांबवा. पोटात काही द्यायचं म्हटलं की मात्र मी नाही म्हणते. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत कशाचे किती वळसे गेले हे कोणी मोजत नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. वेखंडाबद्दल विशेष सांगते. त्यात बीटा-ॲसॅरोन नावाचं द्रव्य असतं, आणि ज्या उलटीसाठी वेखंड देतात तीच उलटी त्यानं होऊ शकते. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. खायचा सोडा आणि फसफसणारी ॲसिडिटीची पावडर मोठ्यांसाठी आहे. त्यातल्या सोडियमचा भार बाळाच्या मूत्रपिंडाला पेलत नाही.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडून या पाच गोष्टी लिहून घ्या

चार दिवसांत फरक नाही, बाळ पिताना कमान करून रडतंय, वजन अडखळलंय, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना सोबत वजनाचं कार्ड न्या, आणि फोनमध्ये उलटीचा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं. डॉक्टरांना "खूप उलट्या करतो" यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो. रडण्यासोबत अंगावर पुरळ, शीमध्ये शेम किंवा रक्ताचे धागे असतील तर तेही सांगा. कधी कधी मूळ गायीच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीत असतं. तेव्हा डॉक्टर दोन ते चार आठवडे ते दूध बंद करून बघायला सांगतात, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आईनं दूध-दही-पनीर बंद करायचं असतं.

औषध लिहून दिलंच, तर चिठ्ठीवर आजचं वजन, औषधाचं नाव, डोस मिलिग्रॅममध्ये, तोच मिलीमध्ये, आणि किती दिवस, या पाच गोष्टी आहेत ना ते तिथल्या तिथे बघा. नसतील तर विचारा. "डॉक्टर, मिलीसोबत मिलिग्रॅमही लिहाल का?" असं म्हटल्यानं कोणीही चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि उलटी झाली तर डोस परत द्यायचा का, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

टिंब नीट बघा. ०.५ मधलं पुढचं शून्य लिहिलेलं नसेल आणि टिंब पुसट असेल, तर त्याचा ५ होतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठीच्या फोटोत तर टिंब हमखास नाहीसं होतं. मला शंका आली की मी दवाखान्यात फोन लावते, त्याशिवाय बाटली देत नाही. तुमचा मेडिकलवाला असा फोन लावत असेल तर दहा मिनिटं थांबा.

चौथी पायरी: काउंटरवर बाटली उलटी करून वाचा

तीन वर्षांपूर्वी भर पावसात कोपरीहून एक आई माझ्याकडे आली. साडेचार महिन्यांचं बाळ कांगारू पिशवीत, वर छत्री. तिला फक्त औषध पाजायची सिरिंज हवी होती. औषध आदल्या रात्री घराजवळच्या दुकानातून घेतलेलं होतं. बाटली काउंटरवर ठेवून म्हणाली, "काकू, यावर दोन मिलीची खूण कुठली तेवढं दाखवता?"

बाटली एवढीशी होती, अंगठ्याएवढी. दोन मिली म्हणजे तिच्या निम्म्याला थोडंच कमी. तिथेच मला खटकलं. मी चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर डॉमपेरिडोन या उलटीवरच्या औषधाचं सिरप होतं, दोन मिली. हातात त्याच नावाचे, त्याच रंगाच्या खोक्यातले ड्रॉप्स होते. सिरपमध्ये एका मिलीत १ मिग्रॅ औषध होतं. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०. डॉक्टरांना २ मिग्रॅ द्यायचे होते. या बाटलीतून २ मिली दिले असते तर २० मिग्रॅ गेले असते, दहापट. सिरप संपलं म्हणून त्या दुकानात ड्रॉप्स दिले, आणि "तेच आहे" म्हणून सांगितलं. औषध तेच होतं, हे खरं. ताकद तीच नव्हती.

ती बाई आधी गप्प झाली, मग तिनं बाळाचं डोकं छातीशी घट्ट धरलं. एकही डोस गेलेला नव्हता, कारण घरात मोजायला काही नव्हतं. घरी एखादा चमचा सापडला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. हा लेख लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, इतका उशीर झाला.

तर बाटली हातात आली की लेबलवरची "प्रत्येक मिलीमध्ये" किंवा "प्रत्येक ५ मिलीमध्ये" ही ओळ शोधा. ड्रॉप्सवर बहुधा पहिलं लिहिलेलं असतं, सिरपवर बहुधा दुसरं. ५ मिलीचा आकडा असेल तर पाचनं भागा, म्हणजे एका मिलीतलं औषध कळेल. ओंडान्सेट्रॉन या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाच्या सिरपवर ५ मिलीत २ मिग्रॅ असतं, म्हणजे एका मिलीत ०.४. मग चिठ्ठीतले मिलिग्रॅम आणि चिठ्ठीतले मिली या हिशोबात जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर औषध देऊ नका, विचारा. तापाच्या औषधाचंही असंच असतं: पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिग्रॅ, तर साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. ड्रॉप्स बाळाचे म्हणून सौम्य, हा समज अगदी उलटा आहे. लहान बाळाला थोडंच पाजता येतं म्हणून ते जास्त कडक बनवलेले असतात.

लेबलवर आरएक्सची लाल खूण असेल तर ते चिठ्ठीशिवाय मिळायचं औषध नाही. मिळालं तरी घेऊ नका. मुदत बघा, झाकणाचं सील बघा, आणि बिल घ्या, कारण बिलावर बॅच नंबर असतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या भेसळीच्या सिरपनं मुलं दगावली, तेव्हा आमच्याकडे लोक अर्ध्या बाटल्या घेऊन बॅच नंबर तपासायला येत होते. बिल आणि खोकं जपून ठेवलेल्यांना दोन मिनिटांत उत्तर मिळालं. औषधाबद्दल संशय असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८०० २२२ ३६५ हा टोल फ्री नंबर आहे.

पाचवी पायरी: मोजणं

घरातला चमचा नको. चहाचा, पोह्यांचा, देवघरातली पळी, काहीच नको. एका घरातल्या चमच्यात तीन मिली मावतं, दुसऱ्या घरातल्या चमच्यात सात. बाटलीसोबत आलेलं झाकणाचं माप पाच मिलीसाठी ठीक. अर्ध्या-एक मिलीसाठी त्याचा उपयोग नाही. तोंडानं औषध पाजायची बिनसुईची सिरिंज मागून घ्या, एक मिलीची किंवा अडीच-तीन मिलीची, जिच्यावर ०.१ मिलीच्या खुणा आहेत अशी. इन्शुलिनची सिरिंज दिसायला तशीच असते पण तिच्यावर युनिटच्या खुणा असतात. ती बाळाच्या औषधाजवळही ठेवू नका. ड्रॉप्ससोबत ड्रॉपर आला असेल तर तो त्याच बाटलीचा. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरला की माप चुकलंच.

हात धुवा, दिवा लावा. रात्री मोबाइलच्या उजेडात मोजू नका. बाटली चांगली हलवा, कारण बऱ्याच पांढऱ्या, दुधाळ औषधांचा साका खाली बसतो. न हलवता दिलं तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक होतात. सिरिंजच्या टोकाला टोपण असेल तर ते काढून लगेच केराच्या डब्यात टाका. एवढंसं टोपण बाळाच्या घशात अडकू शकतं. दट्ट्या पूर्ण आत ढकलून मग औषध ओढा. सिरिंज डोळ्यांसमोर आडव्या रेषेत धरा. रबराच्या काळ्या बोंडाची औषधाला टेकलेली कड खुणेवर आली पाहिजे. मागची कड बघितली तर माप चुकतं. बुडबुडा दिसला तर टोक वर करून टिचकी मारा, हवा बाहेर काढा, कमी पडलेलं पुन्हा ओढा. पहिल्यांदा करताना साध्या पाण्यावर चार वेळा सराव करा. मी काउंटरवर नव्या बाबांना हे करायला लावते. दोघं-तिघं लाजतात, पण करतात.

सहावी पायरी: पाजणं

बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, डोकं तुमच्या कोपरात. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, जिभेच्या मधोमध नाही. थोडं सोडा, गिळू द्या, पुन्हा थोडं. सरळ घशात पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाक दाबून, आडवं पाडून, रडत असताना कधीच नाही. रडणं थांबेपर्यंत थांबा; दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका. बाळानं अर्धीच प्यायली तर डोस किती गेला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि चव बिघडली तर ते दुधालाही नको म्हणायला लागतं. मोठ्या मुलाला औषध म्हणजे चॉकलेट असं सांगू नका. ते लक्षात ठेवतं आणि एक दिवस खुर्चीवर चढून कपाट उघडतं.

औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर? मनानं दुसरा डोस देऊ नका. किती मिनिटांनी झाली ते घड्याळात बघा आणि डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे करा. पुढच्या वेळी विसरलेल्याची भरपाई म्हणून दुप्पटही नको.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा: तारीख, औषध, किती मिली, वेळ, कोणी दिलं. आई ऑफिसला निघताना देते, आजी म्हणते हिनं घाईत दिलंच नसेल, आणि नऊ वाजता पुन्हा एक डोस जातो. दोघींचंही बाळावर प्रेम असतं, म्हणूनच हे होतं. देणाऱ्यानं देताक्षणी खूण करायची, नंतर नाही.

औषधांबद्दल थोडं

तुमच्या चिठ्ठीवर काय आहे हे कळलं तर प्रश्न विचारता येतात, म्हणून एवढं.

ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधं. ती जेवणाच्या किंवा पाजण्याच्या साधारण अर्धा तास आधी द्यायची. त्यांचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, त्यामुळे आज दिलं आणि संध्याकाळी रडणं थांबलं नाही म्हणून डोस वाढवू नका. कॅप्सूलमधले बारीक दाणे चावायचे किंवा कुटायचे नसतात, आणि पँटोप्राझोलची गोळीसुद्धा फोडायची नसते. वरचं आवरण मोडलं की जठरातलं आम्लच औषध निकामी करतं. कुटून पाजायला कोणी सांगितलं तर विरघळणारा प्रकार मिळतो का विचारा. नुसतं दूध टाकणाऱ्या, बाकी मजेत असलेल्या बाळाला ही औषधं देऊन फायदा होत नाही. उलट पोटाचे आणि छातीचे संसर्ग वाढू शकतात. म्हणून "किती आठवडे आणि कधी बंद" हे पहिल्याच दिवशी विचारा.

रॅनिटिडीन अनेक घरांत जुन्या बाटलीत पडलेलं असतं. त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवणारं द्रव्य सापडल्यानं एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढलं, आणि भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये वगळलं. जुनी बाटली वापरू नका.

डॉमपेरिडोनबद्दल मी मघाशी सांगितलंच. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्यानं युरोपात २०१४ पासून त्यावर मर्यादा आहेत, आणि ब्रिटननं २०१९ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते उलटीसाठी देणं थांबवायला सांगितलं. आपल्याकडे ते अजून लिहिलं जातं. तुमच्या चिठ्ठीवर असेल तर घाबरून फेकू नका. बाळाला हृदयाचा त्रास आहे का, सोबत दुसरं कुठलं औषध चालू आहे, हे डॉक्टरांना सांगा आणि याची खरंच गरज आहे का ते विचारा. मेटोक्लोप्रामाइड एक वर्षाच्या आत नकोच. त्यानं मान-डोळे वाकडे होण्याचा त्रास होतो.

घरातल्या मोठ्यांचं गुलाबी-पांढरं ॲसिडिटीचं औषध मुलांना देऊ नका. त्यातल्या काहींत घसा बधिर करणारं ऑक्सेटाकेन असतं, बऱ्याचशा औषधांत ॲल्युमिनियम असतं. बिस्मथ सबसॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं, तेही मुलांना नको. गॅसच्या ड्रॉप्समधल्या सिमेथिकोनचं म्हणाल तर ते अपाय फारसा करत नाही, पण पोटदुखीनं रडणाऱ्या बाळांत ते नुसत्या गोड पाण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरलेलं नाही. ग्राइप वॉटरवरही माझा भरवसा नाही.

मोठ्या मुलांचं अजीर्ण

पाच-सात वर्षांच्या मुलाचं पोट दुखलं की आधी विचारा, शी कधी झाली? तीन-चार दिवस नीट झाली नसेल तर दुखण्याचं कारण बहुधा तेच, आणि आम्लाच्या औषधानं काही होणार नाही. मग रात्रीचं वेळापत्रक बघा. ट्युशन, कराटे, बाबा लोकलनं घरी येणार साडेनऊला, मग सगळे एकत्र जेवणार, आणि दहाला झोप. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं तर बऱ्याच मुलांची छातीतली जळजळ आपोआप शांत होते. मुलाला आधी जेवायला घाला आणि बाबा आल्यावर शेजारी बसू द्या. वाढदिवसाच्या पार्टीनंतरच्या जडपणाला मऊ भात, ताक आणि एक रात्र पुरते.

उलट्यांसोबत जुलाब असतील, विशेषतः पावसाळ्यात, तर ते अजीर्ण नाही, संसर्ग आहे. तेव्हा पहिलं औषध ओआरएस. पुडीवर लिहिलेल्या तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण एका वेळी विरघळवा. अर्धी पुडी ग्लासात, हा अंदाजाचा प्रकार नको. चमच्या-चमच्यानं, दर दोन-तीन मिनिटांनी. खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्यांच्यावर ते नाव लिहायला मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलेली पुडीच घ्या.

पोट बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली दुखायला लागलं, मूल वाकून चालतंय, हात लावू देत नाही, तर कुठलंही औषध न देता डॉक्टरांकडे जा. अपेंडिक्स असू शकतं.

चूक झालीच तर

डोस दुप्पट गेला, चुकीची बाटली दिली गेली, किंवा मुलानं आजीच्या पर्समधली गोळी तोंडात टाकली, तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली, खोकं आणि सिरिंज हातात घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर चोवीस तास सल्ला देतं. मूल गुंगीत असेल, श्वास वेगळा वाटत असेल, मान वळली असेल, झटका आला असेल तर थेट १०८. गाडीत बसून कुठे जायचं याचा विचार करायची ती वेळ नसते. चोवीस तास बालरोगतज्ज्ञ असलेलं जवळचं रुग्णालय आजच ठरवून ठेवा. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यात आहे, नवी मुंबई महापालिकेचं वाशीत, आणि मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय परळला. घोडबंदरला राहत असाल तर संध्याकाळी सात वाजता माजिवड्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या वेळेला चालेल असं, तुमच्याच बाजूचं ठिकाण निवडा.

उरलेल्या बाटलीचं

कोर्स संपला की बाटलीवर नजर टाका. उघडल्याची तारीख पहिल्याच दिवशी पेननं लेबलवर लिहिलेली असू द्या. पाणी घालून तयार केलेली पावडरीची औषधं तर लेबलवर सांगितलेल्या दिवसांनंतर वापरायचीच नाहीत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, खिडकीच्या उन्हात, गाडीच्या कप्प्यात औषध ठेवू नका. कुलूप लागेल असं वरचं कपाट बघा. आणि शेजारच्या ताईंच्या बाळालाही तोच त्रास आहे म्हणून अर्धी बाटली देऊ नका, किंवा धाकट्यासाठी जपून ठेवू नका. त्याचं वजन वेगळं असणार, चिठ्ठी वेगळी असणार. लेबलवरचं नाव पेननं खोडून बाटली आमच्या काउंटरवर आणून दिलीत तरी चालेल. अशा बाटल्यांसाठी मी खाली एक वेगळा डबा ठेवलाय.